‘किड्स रिटर्न’ : एका उनाड जोडीचा विनोद

ताकेशी कितानो यांच्या १९९६ सालच्या ‘किड्स रिटर्न’ या चित्रपटातील विनोद नेमका कोठून येतो, हे कळण्यासाठी दिग्दर्शकाची मूळ कला ध्यानात घ्यावी लागते. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी कितानो मान्झाईचे कलावंत होते. मान्झाई म्हणजे दोघांनी मिळून रंगवायचा जपानी विनोदी संवाद, ज्यात एक जण खुळ्यासारखे काहीतरी बोलतो आणि दुसरा त्याला तिथल्या तिथे फटकारतो. चित्रपटातील शाळकरी मासारु आणि शिंजी हे अशाच जोडीसारखे वावरतात : मासारु दादागिरी करतो, शिंजी मुकाट्याने त्याच्या मागे जातो. वर्ग चालू असताना छपरावरून दोरीला बांधलेला बाहुला ते खिडकीसमोर नाचवतात. एकाच सायकलवर, मासारु हँडलवर उलटा बसलेला आणि शिंजी पेडल मारत असलेला, मैदानात गोल गोल फिरतात, आणि वरून पाहणारे शिक्षक त्यांचा नाद सोडून देतात. हसू येते, पण शाळेने त्यांना केव्हाच वाऱ्यावर सोडले आहे हेही त्याच दृश्यात दिसते, आणि कितानो यांचे मोठेपण या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवण्यात आहे.

मार खाल्ल्यावर मासारु मुष्टियुद्ध शिकू लागतो व शिंजीलाही ओढून नेतो. सरावात शिंजीच त्याला लोळवतो, तेव्हा मासारु व्यायामशाळा सोडून याकुझांच्या, म्हणजे जपानी संघटित गुन्हेगारांच्या, टोळीत शिरतो. जोडी फुटते आणि चित्रपटातले हसूही आटत जाते. शिंजीला कोणाच्या तरी मागे जाण्याची सवय जडलेलीच असते. ती जागा हायाशी नावाचा उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा घेतो आणि वजनाची चिंता न करता खा, पी, मग ओकून टाक, असा सल्ला देतो. शिंजीचा घात या गोड बोलण्याने होतो, आणि चित्रपटातील सर्वांत क्रूर भाग हाच म्हणावा लागेल. दरम्यान त्यांच्याच शाळेतली दोन मुले मान्झाईचे धडे गिरवत रंगमंचापर्यंत पोहोचतात.

सर्वस्व गमावून पुन्हा भेटल्यावर शिंजी विचारतो की आपले सगळे संपले का, आणि मासारु त्याला मूर्खात काढून सांगतो की अजून तर सुरुवातही झालेली नाही. या उत्तरात आशा आहे की भ्रम, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो; परंतु मान्झाईच्या अंगाने पाहिल्यास भाबडा प्रश्न आणि त्यावरची फटकार दोन्ही जागच्या जागी आलेली आहेत, आणि हायाशीने शिंजीला कधी अशी फटकार दिली नव्हती.