पोटखराबा

सोलापूर

चि. बंड्यास,


जैसलमेरहून पाठवलेला फोटो मिळाला. डोक्यावर हेल्मेट, मागे विजेचा टॉवर, आणि खाली तू लिहिलंयस, "आत्या, इथं काही म्हणजे काहीच नाही गं, नुसतं पडीक रान." सोलरच्या कंपनीत लागलास याचा आनंद आहेच, गल्लीत पेढेही वाटले. पण त्या 'काहीच नाही'पाशी मी अडले.

चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. विरळ गवत, दोन खुरटी झुडपं आणि खाली टेकलेलं आभाळ. आपल्या नान्नजचा माळ असाच होता. 1979 साली तिथं माळढोकाचं अभयारण्य झालं. त्यानंतर दोनेक वर्षांत दादा, म्हणजे तुझे बाबा, एका पावसाळ्यात मला स्कूटरवर घेऊन गेले. लपणात तास-दीड तास बसलो. कुसळं साडीत रुतली होती आणि मी दादावर चिडले होते. तेवढ्यात गवतातून मान वर आली. मीटरभर उंचीचा नर, डोक्यावर काळी टोपी. शेपटी पाठीवर उलटवून त्यानं गळ्याची पांढरी पिशवी फुगवली. ती जवळजवळ जमिनीला टेकली. मग तो घुमला. घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा, तसा. आपल्याकडे त्याला 'हूम' का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. सलीम अलींनी यालाच राष्ट्रीय पक्षी करा म्हणून सुचवलं होतं. 1963 साली तो मान मोराला मिळाला.

बंड्या, या पक्ष्याला शिकाऱ्यांनी मारलं हे खरं, पण तेवढंच नाही. सातबाऱ्यावर एक शब्द असतो बघ, पोटखराबा. पीक येत नाही ती जमीन खराब. सरकारी दप्तरात माळाला हीच किंमत. मग त्याचं 'भलं' करायला जो तो धावला. कुणी गिरिपुष्पाची रोपं लावून माळ हिरवा केला. झाडं लावणं हे पुण्याचं काम, कोण नाही म्हणणार? पण माळढोकाला लांबवर दिसणारा उघडा माळ लागतो. मादी उघड्या जमिनीवर वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. झाड उभं राहिलं की वर कावळा येऊन बसतो. उजनी धरणाचं पाणी आलं, तशी ज्वारी, करडई, भुईमूग मागे पडून ऊस आला. ज्वारीच्या शिवारात हा पक्षी किडे टिपत फिरायचा. उसात तो शिरणार कसा?

अभयारण्य कागदावर केवढं होतं माहीत आहे? 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, लोकांच्या खासगी जमिनी आल्या. खरेदी-विक्रीत अडचणी यायला लागल्या, तसा शेतकऱ्यांना माळढोक म्हणजे डोक्याला ताप वाटू लागला. त्यांचं तरी काय चुकलं! पुढे क्षेत्र कमी करून 1,222 वर आणलं, पण तोवर पक्षी जवळजवळ संपले होते. आता इथं एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

उरलेले बहुतेक तुझ्याकडे आहेत, थरच्या वाळवंटात. तिथं त्याला गोडावण म्हणतात. सगळे मिळून दीडशेही नसतील. त्याचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे नाकासमोरची विजेची तार त्याला दिसत नाही. दिसलीच, तर दहा-बारा किलोच्या नराला ऐनवेळी वळता येत नाही. थरमध्ये वर्षाला साधारण 18 माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. दीडशेतले अठरा, आणि अंडं वर्षाला एक. हिशेब तूच कर, इंजिनिअर आहेस.

2021 साली सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. खर्च आणि तांत्रिक अडचणी पुढे आल्या, आणि मार्च 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्याची वीज नको असं मी म्हणत नाही. कोळशाचा धूर सोलापूरकरानं कमी खाल्लेला नाही. पण तिचा रस्ता नेमका त्या पक्ष्याच्या वाटेवरून का, एवढं विचारायचा हक्क मला आहे.

तिकडेच सम गावाजवळ माळढोकाची पिल्लं माणसाच्या देखरेखीत वाढवतात. 2024च्या ऑक्टोबरमध्ये तिथं कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. बातमी वाचून डोळे भरून आले. मग वाटलं, मोठं झाल्यावर त्याला सोडणार कुठं?

तर माझं एक काम कर. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर चमकत्या चकत्या लावतात. तुमच्या लाइनवर त्या लावल्यात का, आणि लावलेल्यांपैकी किती अजून जागेवर आहेत, ते एका रविवारी चालत जाऊन मोज. आकडा मला कळव.

तुझी,
आत्या