उलटे पडलेले बी

मुलांनो, शिक्षकाने शिकवावे आणि विद्यार्थ्यांनी शिकावे, ही जगाची रीत. परंतु एकदा माझ्या वर्गातील एका मुलानेच मला धडा दिला. तो मी आजवर विसरलो नाही.

ही गोष्ट १९८८ सालच्या पावसाळ्यातील. मी मराठीचा शिक्षक. पण शास्त्राचे गुरुजी आजारी पडल्यामुळे सहावीला वनस्पतींचे पाठ शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. मी फळ्यावर बीची सुबक आकृती काढी, ‘बीजपत्र’, ‘आदिमूळ’ असे शब्द लिहून देई आणि मुले ते मुकाट्याने उतरवून घेत. कुंपणापलीकडची शेते हिरवीगार होत होती. वर्गातील वनस्पती मात्र अगदी कोरड्या होत्या.

एके दिवशी मी सांगितले, “बी रुजताना मूळ खाली जाते व अंकुर वर येतो.” तोच शेवटच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. तो शेतकऱ्याचा मुलगा. एरवी फारसा बोलत नसे.

“गुरुजी, आई पेरते तेव्हा बी कसंही पडतं. मग उलटं पडलेल्या बीचं मूळ वर येतं का? आणि येत नसेल, तर खाली कुठं हे त्याला कसं कळतं?”

वर्ग हसला. मला उत्तर ठाऊक नव्हते आणि तसे कबूल करण्याचे धैर्यही नव्हते. “पुस्तकात असेल तेवढेच विचारावे!” असे मी दरडावले. तो खाली मान घालून बसला. त्याची ती मान रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाताच मी त्याला म्हणालो, “काल तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते, म्हणून मी रागावलो. चूक माझी होती. आज आपण ते उत्तर बियांनाच विचारू.”

आम्ही काचेच्या पेल्यात टीपकागद गुंडाळून बसविला व आत ओली वाळू भरली. रात्रभर भिजविलेले चार वाल काच व कागद यांच्यामध्ये ठेवले : एक सुलटा, एक उलटा आणि दोन आडवे. काही दिवसांनी मुळे फुटली. उलट्या वालाचे मूळ किंचित वर आले आणि आकड्यासारखे वळून खाली निघाले!

“वरून उजेड येतो, म्हणून ते खाली पळत असेल,” एक मुलगी म्हणाली. आम्ही दुसरा पेला कपाटातील अंधारात ठेवला. तेथेही मुळे खालीच गेली. मग त्या मुलाने पहिला पेला आडवा करून ठेवावा असे सुचविले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो मुळांची टोके पुन्हा जमिनीकडे वळलेली! मधल्या सुटीची घंटा झाली, तरी कोणी जागचे हलेना.

मग मीही ग्रंथ धुंडाळले. टॉमस नाइट या इंग्रज संशोधकाने १८०६ साली पाण्यावर वेगाने फिरणाऱ्या चाकाला बिया बांधून दाखविले होते, की मुळे चाकाबाहेरच्या दिशेने व अंकुर मध्याकडे वाढतात. म्हणजे मुळाला ओढ जाणवते. पृथ्वीची असो वा फिरत्या चाकाची. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या साहाय्याने केलेले प्रयोग १८८० साली प्रसिद्ध केले. मुळाचे टोक कापले, तर ते वळत नाही, असे त्यांना आढळले. आज आपणास ठाऊक आहे, की त्या टोकावरील टोपीच्या पेशींत पिष्ठाचे जड कण असतात. मूळ आडवे झाले, की ते कण खालच्या बाजूस घसरतात आणि त्यावरून मुळाला खाल-वर उमगते.

म्हणजे ज्या प्रश्नाला वर्ग हसला होता आणि ज्याबद्दल मी रागावलो होतो, त्याच प्रश्नाने थोर संशोधकांनाही चाकाजवळ व कुंडीजवळ बसविले होते!

त्यानंतर अनेक वर्षे मी शाळा चालविली. ‘मला ठाऊक नाही; चला, पाहू या,’ हे वाक्य उच्चारताना मला पुन्हा कधी लाज वाटली नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली बसविण्यापूर्वी मला तो उलटा वाल आठवे.

मुलांनो, हा पाठ नुसता वाचून ठेवू नका. आज रात्री चार वाल भिजत घाला.