मागे उरलेल्यांचे देणे

मित्र गेला की पहिले काही दिवस माणसे एकत्र जमतात. शोकसभा होते, छायाचित्राला हार घातला जातो, आठवणी निघतात. मग जो तो आपापल्या कामाला लागतो आणि दुःख ज्याचे त्याच्यापाशी उरते. गेलेला माणूस कलावंत असेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रिका तरी हाताशी असतात. पण आवाज ऐकू येत असताना गाणारा कायमचा गेलेला आहे ही जाणीव अधिकच टोचते. अशा वेळी मागे उरलेल्याने काय करावे? महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले, त्या काही कलावंतांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले आहे.

12 सप्टेंबर 1952 रोजी सवाई गंधर्व पुण्यात निवर्तले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. कुंदगोळला गुरुगृही पाणी भरण्यापासूनची सारी कामे करीत त्यांनी विद्या मिळवली होती. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्व किराणा घराण्याचे. परंतु महोत्सवाचे व्यासपीठ त्या घराण्यापुरते राहिले नाही. इतर घराण्यांचे गायक तेथे आले, वादक आले, नर्तक आले. नामवंतांच्या बरोबरीने तरुणांनाही तेथे हजारो श्रोत्यांसमोर बसण्याचा मान मिळाला. ज्यांनी सवाई गंधर्वांना कधी ऐकले नव्हते, अशा पिढ्यांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले. 24 जानेवारी 2011 रोजी भीमसेन गेले आणि महोत्सवाच्या नावात गुरूच्या शेजारी शिष्याचेही नाव आले. आता दोघांचे स्मरण एकाच मंडपात होते.

बालगंधर्वांचे स्मरण निराळ्या वाटेने झाले. त्यांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात व्हावे म्हणून 1962 मध्ये कोनशिला बसली, ती खुद्द त्यांच्याच हस्ते. मात्र रंगमंदिराचा पडदा वर जाण्याआधीच, 15 जुलै 1967 रोजी, त्यांचे निधन झाले. वास्तू खुली झाली ती 26 जून 1968 रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी. तिच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. ज्या नटाने आपले आयुष्य रंगभूमीला वाहिले, त्याच्या नावे असा रंगमंच उभा राहिला, जिथे रोज नवा नट तोंडाला रंग लावून उभा राहतो. याहून अनुरूप स्मारक कोणते असणार?

बालगंधर्वांच्या स्मरणाचा सर्वांत अवघड प्रकार कुमार गंधर्वांनी हाताळला. लहानपणी कुमार गाजले ते थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाणारा मुलगा म्हणून. मनात आणले असते, तर बालगंधर्वांची तंतोतंत नक्कल करून रसिकांच्या डोळ्यांत पाणी आणणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्यानंतर त्यांनी देवधर मास्तरांकडे शिक्षण घेतले होते, क्षयाच्या दीर्घ दुखण्यात देवासला अंथरुणावर पडून सुरांचे चिंतन केले होते. त्यांनी रसिकांपुढे जो कार्यक्रम ठेवला, त्याचे नाव होते ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातला ‘मला उमजलेले’ हा शब्दप्रयोग फार प्रामाणिक आहे. सगळे बालगंधर्व आपल्याला कळले, असा दावा त्यात नाही. आणि जे कळले, ते आपल्या गळ्यातून, आपल्या जबाबदारीवर गाण्याचे धैर्य त्यात आहे.

पु. लं.च्या वाट्याला मित्रांना निरोप देण्याचे दुःख पुष्कळ आले. वसंतराव देशपांडे 1983 मध्ये गेले, कुमार 1992 मध्ये. पण मित्राचे स्मरण कसे करावे, याचा धडा त्यांनी बराच आधी ‘गणगोत’मध्ये घालून दिला होता. त्यातले बेळगावचे रावसाहेब आठवावेत. रावसाहेबांच्या तोंडी शिव्या होत्या, आवाज दणदणीत होता, आणि संगीतावर व माणसांवर जीव ओवाळून टाकणारे मन होते. पु. लं.नी त्यांचा कोणताही कंगोरा घासून गुळगुळीत केला नाही. म्हणूनच वाचक आधी पोटभर हसतो आणि अखेरीस ज्याला कधी पाहिलेही नाही, अशा माणसासाठी त्याचा कंठ दाटून येतो.

सामान्य घरांतूनही पुष्कळदा याच्या उलट घडते. माणूस गेला की तो एकदम निर्दोष होतो. त्याच्या रागाच्या, विक्षिप्तपणाच्या, चहा बशीत ओतून पिण्याच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, असा अलिखित नियम होतो. हळूहळू भिंतीवर एक चेहरा तेवढा उरतो आणि नातवंडांना त्याच्याविषयी काही विचारावेसे वाटत नाही.

महोत्सव भरवणे किंवा रंगमंदिर बांधणे सर्वांना शक्य नसते. पण गेलेल्या मित्राची पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवण्याऐवजी शेजारच्या शिकणाऱ्या मुलीला देता येते. त्याने शिकवलेली बंदिश, त्याच्या हातची भाजी, हिशेब मांडण्याची त्याची पद्धत दुसऱ्याला शिकवता येते. ती मुलगी पेटी त्याच्यासारखी वाजवणार नाही. सुरुवातीला तर तिचे सूर चुकतीलही. ते कानावर पडताना जुना हात आठवेल, जीव थोडा कासावीस होईल. तरीही तिला वाजवू द्यावे.