टाकीभर गारवा

मे महिन्यात रजा टाकून लोक कुठं जातात? मनाली, माथेरान, बोनस बरा झाला असेल तर बाली. मी नांदेडला जाते. ऑफिसात हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी सहानुभूती येते आणि मग ठरलेला प्रश्न, ‘तिकडे फॉर्टी थ्री-फॉर्टी फोर असतं ना गं?’ हो, असतं. आणि मी त्याच्यासाठीच जाते. कारण त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी एक उत्सव चालू असतो. त्याला तिकीट नाही, स्पॉन्सर नाही. होळी झाली की लोक जिन्याखालून, गच्चीवरून पत्र्याचं एकेक धूड बाहेर काढतात, अंगणात त्याचे तिन्ही दरवाजे उघडतात आणि पुढचे तीन महिने त्याच्यात हात घालून बसतात.

कूलर, बॉस!

तुमच्या डोळ्यांसमोर मॉलमधला चाकं लावलेला, रिमोटवाला गोंडस डबा आला असेल तर तो आधी पुसून टाका. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा असतो. दोन माणसांनी उचलावा असा. खाली टाकी, टाकीत मुठीएवढा पंप, तीन बाजूंना गवताचे पॅड आणि मध्ये घरघरणारा पंखा. पंप पाणी वर चढवतो, ते पॅडवरून झिरपतं, पंखा बाहेरची हवा त्यातून आत ओढतो. संपलं. एवढ्या साध्या मशीनमध्ये करण्यासारखं काय उरतं, असं वाटत असेल तर तुम्ही माझ्या बाबांना भेटलेला नाही.

बाबा रिटायर होऊन बारा वर्षं झाली. त्यांचा कूलर मात्र दर उन्हाळ्यात नव्यानं नोकरीला लागतो. मूळ खोकं तेवढं जुनं आहे, आतलं काहीच मूळचं नाही. पाणी पसरवायला आधी भोकं पाडलेली प्लॅस्टिकची नळी होती, ती क्षारांनी चोंदायची, म्हणून आता शेतातल्या ठिबकचा तुकडा आहे. टाकी आपोआप भरावी म्हणून फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक आहे. पत्रा गंजू नये म्हणून आतून डांबर मारलंय. समोरच्या भिंतीत, वर, एक एक्झॉस्ट फॅन आहे, कारण बाबांच्या मते अर्ध्या नांदेडला कूलर वापरताच येत नाही. लोक एसीसारखी दारं-खिडक्या लावून बसतात. मग ओली हवा खोलीतच कोंडते, अंग चिकचिकतं आणि शिव्या कूलरला. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे, हे वाक्य मी पाढ्यांच्याही आधी पाठ केलंय. टॉर्च धरायची ड्यूटी माझी होती ना.

जरा सायन्स सांगते, बोअर करणार नाही. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडालं की हवेतून साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता गेली समजा. पण हे जमायला हवा कोरडी हवी. बाहेर ४२ डिग्री आणि दमटपणा २० टक्के असेल, म्हणजे आमची टिपिकल मे महिन्यातली दुपार, तर चांगला कूलर आत २८-२९ ची हवा सोडतो. म्हणजे १३ डिग्रींचा फरक, तोही दोनेकशे वॉटमध्ये! हाच कूलर मुंबईत नेलात तर तो फक्त ओला पंखा. त्यामुळे कोकणातल्या मित्रांनी आमच्या या प्रेमाला हसू नये. तुमच्याकडे समुद्र आहे, आमच्याकडे कोरडी हवा आहे. ज्याचं त्यानं वापरावं.

हे आमचंच खूळ आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एका जुन्या घरात राहायला गेला. तिथं तळघरात बॉयलर, त्याची वाफ पाइपातून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये, आणि घर गरम. आमच्या बरोब्बर उलटं. आमच्याकडे पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, त्यांच्याकडे वाफेचं पाणी होताना तीच उष्णता खोलीत येते. तर, बेडरूमचा रेडिएटर रात्री हातोडा मारल्यासारखा आवाज करतो म्हणून तो व्हिडिओ कॉलवर रडत होता. बाबांनी आयुष्यात रेडिएटर पाहिलेला नाही. तरी त्यांनी फोन हातात घेतला, ‘सगळा दाखव,’ म्हणाले आणि दोन मिनिटांत निकाल दिला, ‘आत पाणी साचायलंय. लेव्हल बघ. नळीच्या बाजूला उतार दे.’ त्यानं दूरच्या टोकाखाली लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या सरकवल्या. आवाज बंद! आता तोही शनिवारी पाना घेऊन तळघरात उतरतो. बायको वैतागलीय. आईनं तिला फोनवर सांगितलं, ‘सवय होईल गं.’

नांदेडहून लातूरला जायचं तर लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. एसटीनं तीन-साडेतीन तास, खिडकीतून येणारी हवा हेअर ड्रायरची. हळूहळू आपण चढत असतो हे कळत नाही. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून ३६० मीटरच्या आसपास. लातूर बालाघाटच्या पठारावर, ६३० च्या आसपास. फरक रात्री कळतो. लातुरात गच्चीवर दहानंतर खरोखर झुळूक येते. नांदेडची भिंत पहाटेपर्यंत तापलेली असते.

मामांचं घर गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर. गोलाई पाहिली नसेल तर एकदा पाहाच. मध्ये गोल बाजार आणि त्यातून सूर्याच्या किरणांसारखे फुटलेले सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याचा वास वेगळा. मामांची तिथं डाळीची आडत आहे. सकाळी सुशीला आणि चहा झाला की ते दुकानात जातात, दुपारी येऊन कूलरसमोर आडवे होतात. मामाही कूलरवाले, पण त्यांचा पिंड व्यापाऱ्याचा. बाबा डिग्री मोजतात, मामा लिटर मोजतात. त्यांच्या कूलरच्या टाकीत लाकडी पट्टी उभी केलीय, त्यावर खुणा. कोणत्या दिवशी किती पाणी गेलं ते वहीत. बाबांना हे हास्यास्पद वाटतं. मलाही वाटायचं.

या वेळी मामांनी २०१६ची वही काढून दाखवली.

ते वर्ष आठवतंय? धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शहराला महिन्यातून एखादा दिवस नळ. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिली. मी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीत होते, मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. मामांनी त्या रात्री वहीत भागाकार केला. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढे. म्हणजे पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटर. मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पितो. म्हणजे एका माणसाच्या वाट्याचं पाणी त्यांचा कूलर आठ-दहा मिनिटांत उडवणार. नंतर गाड्या पन्नास वाघिणींच्या झाल्या, ऑगस्टपर्यंत येत राहिल्या. पण त्या रात्री वहीत एवढंच आहे, भागाकार आणि खाली रेघ.

कूलर त्यांनी मार्चातच बंद केला होता. पंप काढून हौदाच्या तळाचं पाणी उपसायला लावला. पण घरात आजी होती, ऐंशीच्या पुढची. एप्रिलच्या शेवटी तिला दुपारी चक्कर यायला लागली, काही खाईना. डॉक्टर म्हणाले, थंड ठेवा. कशानं ठेवणार?

इथं मामा टिंकरिंगला लागले. आणि इथंच त्यांना कळलं की या मशीनमध्ये चोरी चालत नाही. बाबांच्या सगळ्या युक्त्या गळती थांबवतात, पॅड सारखा भिजवतात, पण गारवा हा उडालेल्या पाण्याचाच असतो. कमी पाणी म्हणजे कमी गारवा, त्याला बायपास नाही. मग एकच रस्ता, गरजच कमी करायची. गच्चीला चुना मारला. खिडकीवर आणि कूलरवर बारदानाची सावली केली, बारदानाला आडतवाल्याकडे काय तोटा! घरातली एकच खोली ठेवली, बाकी बंद. कूलर फक्त एक ते चार. आणि टाकीत चांगलं पाणी नाही, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी, फडक्यातून गाळून. ‘खोलीत साबणाचा वास यायचा,’ मामी सांगत होती, ‘आणि टाकीत फेस! आजी म्हणायची, धोबीघाटावर झोपवलंय मला.’

पण अडचण ती नव्हती. अडचण आवाजाची होती. पत्र्याच्या कूलरची घरघर गल्लीच्या टोकापर्यंत जाते. लोक घागरी घेऊन रात्र रात्र जागत होते आणि यांच्याकडे कूलर सुरू, म्हणजे यांच्याकडे पाणी आहे. पहिल्याच दिवशी समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत राहिल्या. मामांनी मोटरखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले, आवाज कमी करायला. दुसऱ्या दिवशी मामीनं त्यांना विचारलं, ‘चोरी करायलाव का आपण?’ आणि दार उघडून समोरच्या बायकांना, त्यांच्या लेकरांना आत बोलावलं. एक ते चार, आजीच्या खोलीत, दाटीवाटीनं दहा-बारा जण. येताना प्रत्येकीनं आपापल्या धुण्याचं शेवटचं पाणी आणायचं, तांब्याभर का असेना. जूनमध्ये पाऊस पडेपर्यंत हे चाललं. वहीत त्या दिवसांपुढे लिटरच्या जोडीला माणसांचा आकडाही आहे. आजी त्यानंतर चार वर्षं होती.

मी नांदेडला परतले ती एक प्रस्ताव घेऊनच. बाबा, एसी घेऊन देते, दीड टनाचा, ईएमआय माझा. यामागे कारण होतं. बाबांचे गुडघे गेलेत, तरी ते स्टुलावर चढून पॅड बदलतात. गेल्या वर्षी टाकी भरताना त्यांना झिणझिणी बसली होती, हे आईनं मला दोन महिन्यांनी सांगितलं. पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असलेली ही वस्तू आहे, दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं कुणी तरी दगावतं. आणि खरं सांगायचं तर जूनमधल्या दमट रात्री कूलर काही कामाचा नाही, तेव्हा आईची झोप उडते. कूलरचं कौतुक करताना हे सांगायचं राहून जातं.

बाबा म्हणाले, ‘एसी बिघडल्यावर मी काय करू? रिमोटकडं बघत बसू?’

मामा तिथंच होते, मला सोडायला आलेले. मला वाटलं पाण्याचा माणूस आपल्या बाजूनं बोलेल. एसी पाणी पीत नाही, उलट ठिबकतो. ते म्हणाले, ‘पितो की. तिकडं परळीत पितो.’ २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, ते त्यांच्या डोक्यात. एसी कूलरच्या सात-आठ पट वीज खातो, हेही त्यांनी ऐकवलं. वर आई म्हणाली, लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरवर कूलर तरी चालायचा. मी एकटी पडले.

शेवटी तह झाला. एसी आई-बाबांच्या खोलीत लागेल, पण जून ते ऑगस्ट. एप्रिल-मे कूलरचे. त्या बदल्यात मी सांगेन ते बाबांनी करायचं. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं, म्हणजे करंट गळला की लाइन ताबडतोब तुटते. अर्थिंग तपासलं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढायचा. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि साठलेल्या क्षारांचं पाणीही निघून जातं. स्टुलावर चढायला शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याला बाबांनी पहिल्याच दिवशी टॉर्च धरायला लावला.

निघायच्या दिवशी बाबांनी टाकीत हात घातला तर आत एक लाकडी पट्टी उभी होती, खुणा केलेली. मामा जाताना लावून गेले होते. बाबा बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, ‘खुणा चुकल्यात याच्या, टाकीचा तळ सपाट नाही.’ मग आईकडून लिटरचं माप मागून घेतलं आणि एकेक लिटर ओतत नव्यानं खुणा करायला बसले.

काल रात्री मी हिंजवडीच्या ऑफिसात अठरावर लावलेल्या एसीत स्वेटर घालून बसले होते. बाबांचा फोन आला. काल दुपारी ४३ होतं, आत २९, एकूण ४१ लिटर. ‘पंपाचा आवाज बदलायलाय,’ म्हणाले. ‘येताना तपकीर गल्लीतून नवा आण. १८ वॉटचाच आण, ४० चा देतील, घेऊ नको.’