काचेच्या मागचे आजोबा

फ्रेम पुसायला अक्कल लागत नाही, अशी आपल्याकडे एक सार्वत्रिक समजूत आहे. त्यामुळे हे काम आपोआप घरातल्या सगळ्यात रिकाम्या माणसाकडे जातं. किन्हवलीला आमच्या आजोळी तो रिकामा माणूस म्हणजे शनिवारी कसारा लोकलने आसनगावला उतरून, पुढे मिळेल त्या गाडीने घरी पोचलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. अर्थात मी. "एवढं कॉम्प्युटरमधलं कळतं, आणि फोटो पुसता येत नाय होय?" हा मामाचा बिनतोड युक्तिवाद.

शहापूर-मुरबाडकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चार महिने भिंती ओल धरतात, गोधड्यांना कुबट वास येतो, चामडी पट्ट्यावर बुरशी धरते. मग पितृपक्ष सरता सरता, घट बसायच्या आत अख्खं घर अंगणात येतं. त्यात फ्रेमाही येतात. आमच्याकडे मुख्य चार. लक्ष्मी, शिवाजी महाराज, मामा-मामीच्या लग्नाचा रंगीत फोटो आणि आजोबा.

लक्ष्मी राजा रविवर्म्याच्या धाटणीची. त्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या चित्रांनी देव घराघरांत काचेमागे नेले. आमची लक्ष्मी म्हणजे नंतर कुणीतरी छापलेली नक्कल, पण आजीच्या लेखी तीच खरी. छापील शाई तशी चिवट. त्रास होतो तो मागच्या कागदाला आणि खळीला, कारण कसरीला दोन्ही आवडतात. शिवाय रोजची उदबत्ती आणि निरांजन. त्यांचा तेलकट धूर काचेवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. ओला हार असेल तर त्याचं पाणी ओघळून खालच्या पट्टीत मुरतं. आजी म्हणूनच हार झटकून घालते आणि कोमेजायच्या आत काढते. मला ही इतकी वर्षं नुसती शिस्त वाटायची. ते मेंटेनन्स आहे.

मामा-मामी लालसर झालेत. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधले रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. निळा-हिरवा आधी गेला, म्हणून अख्खी वरात आता संध्याकाळच्या उन्हात निघाल्यासारखी दिसते. हा बदल उलटा फिरवता येत नाही. फ्रेम उन्हाच्या तिरिपेतून काढायची, एवढंच हातात असतं.

आता आजोबा. सहा बाय आठचा कृष्णधवल फोटो, 1970 च्या आसपासचा. स्टुडिओ कधीच बंद झाला, निगेटिव्हचा पत्ता नाही. आजोबांचा दुसरा फोटो जगात नाही. आमच्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर!

त्या फोटोत डाव्या खांद्यापासून गालापर्यंत ओलसर, गडद, चकाकणारा एक डाग दिसत होता. बाहेरून कितीही पुसला तरी जाईना. मामाने निदान केलं, "आतून काचेला ओल लागलीय. मागच्या चुका काढ, फोटो बाहेर घे, काच पूस, लाव परत. दहा मिनिटांचं काम." चुका म्हणजे ते बारीक खिळे. पक्कड त्याच्या हातात तयार होती. आजी चुलीकडून म्हणाली, "संभाळून रे बाबा, येवढा एकच फोटू हाय ह्यांचा."

मी फ्रेम आडवी धरून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला. बाकीच्या भागात काच आणि फोटो यांच्यात केसाएवढी फट दिसत होती. डागाच्या जागी फटच नव्हती. म्हणजे तो डाग पाण्याचा नव्हता. तिथे आजोबा काचेला चिकटले होते.

कारण सोपं आहे. कृष्णधवल फोटोतली चांदी जिलेटिनच्या थरात असते, आणि जिलेटिन म्हणजे सुताराच्या सरसाचा शुद्ध, सभ्य भाऊ. दमट हवेत तो फुगतो, मऊ होतो. फोटो काचेला टेकलेला असेल तर हवा कोरडी होताना तो तिथेच चिकटून वाळतो. मध्ये कधीतरी फ्रेम बदलताना कुणीतरी कडेचा जाड पुठ्ठ्याचा माऊंट काढून फोटो थेट काचेला भिडवला होता. माऊंट ही नुसती शोभा नव्हे, तो फोटो काचेपासून लांब ठेवतो. मामाच्या दहा मिनिटांत काच स्वच्छ झाली असती, फक्त आजोबांचा गाल काचेवर राहिला असता.

"मामा, पक्कड ठेवा," मी म्हणालो. "बॅकअप घेतल्याशिवाय प्रॉडक्शनला हात लावायचा नाही." शब्द त्याला कळले नसतील, पण पक्कड खाली गेली.

मग काचेसकट आजोबांचा फोटो काढला. पडवीत सावलीत फ्रेम टेबलावर आडवी ठेवली, बाहेरची काच कोरड्या कापडाने पुसली, आणि प्रतिबिंब येऊ नये म्हणून वर काळी शाल धरून मोबाइल बरोबर समांतर ठेवला. असा फोटो स्वस्त, चपट्या स्कॅनरवर ठेवून उपयोग नसतो. त्यांना कागद थेट स्कॅनरच्या काचेला टेकलेला लागतो, मध्ये फ्रेमची काच आली की चेहरा धूसर होतो. चिकटलेला नसता तर 600 डीपीआयला 3600 बाय 4800 पिक्सेल मिळाले असते, बऱ्या मोबाइलच्या आवाक्यातला आकडा.

रात्री डाग थोडा सौम्य करून आजीला स्क्रीनवर दाखवला. म्हटलं, याची मोठी प्रिंट काढू, नवीन फ्रेम करू. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान हाय. पोरांना दे. भिंतीवर तोच ऱ्हाऊ दे, त्यांनी सोता आनलेला."

इथे माझं इंजिनिअरिंग संपलं. कॉपी करून डेटा वाचतो, वस्तू वाचत नाही. आजीला वस्तू हवी होती. मग ठरलं की फोटो काचेपासून सोडवायचा नाही. सोडवायचाच झाला तर ते काम संवर्धन करणाऱ्या जाणकाराचं; मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यासाठी केंद्र आहे. तोवर आहे ती ओल थांबवायची. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवरून आजोबा आतल्या भिंतीवर आले. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, हवा खेळायला. जुन्या घरांत फ्रेम दोरीने पुढे झुकवून टांगत, तेव्हा हे फुकटात व्हायचं. मागे चिमणीचं घरटंही व्हायचं, पण ती किंमत परवडणारी होती.

आता आपल्या फ्लॅटमधल्या मंडळींसाठी. निळा स्प्रे थेट काचेवर मारू नका. पाणी कडेच्या फटीत शिरतं आणि आत जाऊन बसतं. कापडावर मारा, कापड दमटच ठेवा आणि कडेच्या बोटभर आधी थांबा. ऑनलाइन घेतलेल्या फ्रेममध्ये बरेचदा काच नसून अॅक्रिलिक असतं. त्याला अमोनियाचा क्लीनर चालत नाही आणि कोरडं घासलं तर चरे पडतात. लाकडी पट्टीला मऊ ब्रश पुरतो. सोनेरी मुलाम्याला पाणी नको. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर फोटो टांगू नका, ती भिंत बारा महिने किन्हवलीचा पावसाळा असते.

आणि फ्रेम उघडायचीच असेल तर दसऱ्याआधी नको. तेव्हा हवेत ओल भरलेली असते आणि तीच आत बंद होते. दसऱ्याला बाहेरून पुसा, उघडा पौष-माघात, कोरड्या थंडीत. मागचा पुठ्ठा काढल्यावर फोटो सहज हलला नाही तर तिथेच थांबा.

शेवटचं म्हणजे, हे सगळं करायच्या आधी एक फोटो काढा, काचेसकट, डागासकट. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा भिंतीवरच्या किती माणसांचा तो एकमेव फोटो आहे, ते मोजून बघा. आमच्याकडे एकच निघाले. तुमच्याकडे जास्त निघतील.