पेवं आणि जमीन

लिनक्सवरचा एक साधा प्रयोग. डेस्कटॉप जुन्या एक्स-११ पद्धतीचा, त्यावर दोन विंडो उघडलेल्या. एकीत ‘एक्सइनपुट’ ही छोटी आज्ञा कीबोर्डला कान लावून बसवायची, दुसरीत पासवर्ड टाकायचा. पहिल्या विंडोत एकेका कीचा आकडा ओळीने उमटत जातो. इंग्रजी ‘ए’ दाबला की ३८. त्यासाठी घुसखोरी करावी लागत नाही, जादा अधिकारही लागत नाहीत. एका पडद्यावर नांदणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला बाकीच्यांचं टायपिंग ऐकू यावं, अशीच ती रचना आहे. मी हे करून पाहिलं त्या रात्री नीट झोप लागली नाही. याच लॅपटॉपवर बँकेचं काम, याच्यावरच आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि कुठून कुठून आलेल्या फायलीही याच्यावरच.

*

१९७५ साली सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी एक तत्त्व लिहून ठेवलं: प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. पन्नास वर्षांनंतरही डेस्कटॉपवर बहुतेकदा उलटच चालतं. जी फाईल मला उघडता येते, ती मी चालवलेल्या कुठल्याही प्रोग्रामला उघडता येते. युनिक्सने भिंती घातल्या त्या माणसामाणसांत. तेव्हा एका यंत्रावर अनेक जण काम करत, म्हणून ते बरोबरच होतं. आज यंत्र एकाच माणसाचं असतं आणि परके असतात ते त्यावरचे प्रोग्राम.

*

अँड्रॉइडने ही जुनी भिंत उचलून योग्य जागी नेली. प्रत्येक ॲप म्हणजे जणू निराळा माणूस. प्रत्येकाला १०,००० च्या पुढचा स्वतःचा क्रमांक. त्यामुळे टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपची खासगी फाईल उघडता येत नाही. मला हा गेल्या काही दशकांतला सर्वांत देखणा निर्णय वाटतो. नवं काही न शोधता, होतं तेच वापरून केलेला.

*

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. एका पेवात ओल शिरली तरी शेजारच्या पेवातली हळद शाबूत राहते. ओल लागणारच नाही असं कोणी म्हणत नाही; लागली तर ती तिथेच राहावी, एवढी तजवीज केलेली असते.

*

संगणकात अशीच पेवं खणणारी क्यूब्स ही प्रणाली जोआना रुटकोव्स्का आणि त्यांच्या वॉर्सातल्या सहकाऱ्यांनी २०१० साली जाहीर केली. पहिली आवृत्ती आली २०१२ मध्ये. तिच्यात सगळ्यांत खाली झेन नावाचा थर असतो आणि त्यावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे यंत्राच्या पोटातली आभासी यंत्रं: बँकेसाठी एक, कामासाठी एक, वाटेल तिथे भटकायला एक. प्रत्येकाच्या विंडोला ठरलेल्या रंगाची कड असते. ती कड आतला प्रोग्राम रंगवत नाही, त्यामुळे त्याला दुसऱ्याचं सोंग घेता येत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वेगळ्या मशीनमध्ये, यूएसबीही वेगळ्यात ठेवता येतं. सगळा कारभार बघणारा जो भाग आहे, ‘डॉम-झीरो’, तो इंटरनेटला जोडलेलाच नसतो.

अनोळखी पीडीएफची व्यवस्था तर मला फारच आवडते. फाईल एका तात्पुरत्या मशीनमध्ये उघडते आणि प्रत्येक पानाचे फक्त रंगीत ठिपके बाहेर पाठवले जातात. त्या ठिपक्यांची नवी पीडीएफ बांधली जाते आणि तात्पुरतं मशीन नाहीसं होतं. फायलीत काही दडलेलं असेल, तर तेही त्याच्याबरोबर जातं.

*

अवघड काम वेगळंच आहे. आपलं आयुष्य कुठे कापायचं, हे क्यूब्स सांगत नाही. ते लॅपटॉपवर बसवल्यावर पहिल्या आठवड्यात मी सात मशीन केली. मग अडले: आईचे रिपोर्ट ‘घर’मध्ये ठेवायचे की ‘पैसे’मध्ये? विम्याच्या दाव्याला तर तेच लागतात.

*

एका मशीनमधून दुसऱ्यात साधं कॉपी-पेस्ट करायचं तर इथे चार पायऱ्या. आधी नेहमीचं कॉपी, मग कंट्रोल-शिफ्ट-सीने ते मशीनबाहेर काढायचं, दुसऱ्या मशीनच्या विंडोत जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्हीने आत घ्यायचं, शेवटी पेस्ट. सुरुवातीला हात चुकायचा. आता प्रत्येक वेळी मनात येतं, हे तिकडे जायला हवंय का?

*

संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांचा १९७३ चा छोटा लेख. कोंडलेला प्रोग्रामही बाहेर कुजबुजू शकतो, हे त्यात आहे. यंत्राला कधी कामात जुंपायचं, कधी मोकळं सोडायचं, या तालातूनच निरोप जातो. भिंत कितीही जाड असली तरी दोन्ही खोल्यांखालचा प्रोसेसर एकच.

*

२००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं. प्रत्येक पेव वेगळं होतं, पण जमीन सगळ्यांची एकच.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले, तेव्हा मला तीच पेवं आठवली. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून बघतो. अंदाज चुकला तर ते काम टाकून देतो, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या जलद मेमरीत, त्याची खूण उरते. तेवढ्या खुणेवरून पलीकडची गुपितं वाचता येतात. त्याच वर्षी क्रोम ब्राउझरने वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यापायी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागू लागली. हा खर्च मला योग्य वाटतो. वेगासाठी आपण काय काय सामाईक करून ठेवलंय, याचा हिशोब कधीतरी द्यावाच लागणार होता.

*

आईचे रिपोर्ट आता ‘तिजोरी’त आहेत, इंटरनेट नसलेल्या मशीनमध्ये. दाव्याला जेवढं पान लागेल, तेवढंच ‘पैसे’कडे पाठवते. काल तिसरं पाठवलं.