बसवणे आणि आवळणे

मराठीत 'बसवणे' हे क्रियापद जितक्या ठिकाणी बसते तितके क्वचितच दुसरे एखादे बसत असेल. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, गाण्याला चाल बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो, निखळलेले हाड बसवतो. या सगळ्या प्रयोगांच्या मुळाशी एकच कल्पना दिसते. वस्तूची स्वतःची अशी एक जागा असते, ती शोधायची आणि वस्तूला तेथे स्थिर करायचे. 'आवळणे' या क्रियापदात जागेचा विचार जवळजवळ नाही, आहे तो जोराचा. फास आवळतात, मुसक्या आवळतात, पाश आवळतात. बी. ए.च्या वर्गात अर्थच्छटांचा तास घेताना हा भेद मी बरीच वर्षे सांगत आले आहे. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या घरातल्या मधल्या खोलीत, एका सायकलीच्या निमित्ताने, प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

सायकल धाकट्या भावाची, कार्बनची. आमचे घर पद्मशाल्यांचे. विणकामासाठी तेलंगणातून सोलापुरात आलेल्या असंख्य घरांपैकी एक. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आजोबांना आम्ही तात म्हणत असू, आईला अम्मा म्हणतो, आणि पस्तिशी ओलांडलेला हा भाऊ मला अजून अक्काच म्हणतो. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वेड त्याला लागले ते २०१७ साली. त्या वर्षी लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या संघाने ती पार केली होती. आपल्यासारख्याच मराठी गावांतली माणसे हे करतात, या जाणिवेने माझा भाऊ पहाटे चारला उठू लागला. तुळजापूर, अक्कलकोट, विजयपूर ही गावे आमच्यासाठी देवदर्शनाची किंवा नातेवाइकांची. त्याच्यासाठी ती अंतरे झाली.

गेल्या हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात महामार्गावर एका वाहनाने त्याला मागून धक्का दिला आणि ते न थांबता निघून गेले. गळ्याजवळचे हाड मोडले, बाकी बचावला. अम्माने रडारड केली नाही. हाड जुळून आल्यावर तिने एकच वाक्य सांगितले, "सायकल विकू नकोस, पण रस्त्यावर नेऊ नकोस." त्यातून ट्रेनर घरी आला. 'ट्रेनर येणार' हे ऐकून अम्माने चहाचे आधण वाढवून ठेवले होते, आणि आले ते एक वजनदार लोखंडी खोके. त्यात चालक नाही, शिक्षकही नाही; सायकलीला एका जागी धरून ठेवून पायांना रस्त्याइतका विरोध करणारे ते एक यंत्र.

ही सायकल त्या यंत्रावर बसवणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी कार्बन म्हणजे काय हे आधी कळावे लागते. नाव धातूसारखे वाटते, पण ते मुळात वस्त्र आहे. केसाहून बारीक तंतूंचे पदर राळेत भिजवतात, कापतात, साच्यात वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचतात आणि उष्णता व दाब देऊन ते घट्ट करतात. काही ठिकाणी तंतू एकाच दिशेने असतात, काही ठिकाणी चक्क ताणाबाणा घालून विणलेले कापड असते. तंतूच्या दिशेने ताण आला तर ते पोलादाला हार जात नाही. पण एका बिंदूवर चिमटा बसला, किंवा ज्या दिशेची कल्पनाच कारागिराने केली नव्हती त्या दिशेने दाब आला, तर ते आतल्या आत तडकू शकते. पोलादी नळीला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनची इजा बाहेरून दिसेलच असे नाही. म्हणून अपघातानंतर भावाने सांगाडा पुण्याला नेऊन तपासून घेतला. स्वतःचे हाड जितक्या काळजीने दाखवले नसेल तितक्या काळजीने.

ट्रेनर दोन प्रकारचे असतात. एकात मागचे चाक सायकलीलाच राहते, आसाची दोन टोके वाट्यांत धरली जातात आणि टायर एका रुळावर टेकतो. तेथे पकड आसाच्या टोकांवर हवी, सांगाड्यावर नव्हे. त्यासाठी नेहमीचा हलका आस काढून मजबूत पोलादी आस घालावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मागचे चाक काढूनच ठेवायचे आणि साखळी थेट यंत्रावरच्या दातेरी चकत्यांवर चढवायची. भावाने हा दुसरा प्रकार आणला. त्यात चाकाची जागा यंत्र घेते, आणि ही जागा मिलिमीटरने मोजलेली असते. साध्या ब्रेकच्या रेसिंग सायकलीत मागच्या दोन टोकांमधले अंतर सहसा १३० मिलिमीटर असते, डिस्क ब्रेकच्या सायकलीत बहुधा १४२, आणि आरपार जाणाऱ्या आसाची जाडी १२. प्रत्येकासाठी यंत्राच्या टोकांना वेगळी टोपणे. टोपण चुकीचे असेल आणि माणूस नुसता जोर लावत राहिला, तर आस आवळला जाईल, सायकल मात्र बसणार नाही. उरलेली फट कार्बनला वाकवून भरून काढली जाईल. चकत्यांची संख्याही सायकलीच्या गिअरांशी जुळावी लागते. हे सगळे जुळले की साखळी सर्वांत लहान चकतीवर घेऊन सांगाडा वरून अलगद उतरवायचा. योग्य जागी आला की तो स्वतःच्या वजनाने टेकतो.

त्यानंतर आवळण्याचे काम येते, पण तेही मोजून. आसावर किंवा माहितीपुस्तिकेत किती न्यूटन-मीटर हे छापलेले असते, आणि भावाकडच्या पान्यावर तो आकडा लावला की तेवढा जोर होताच पाना 'टक्' असा आवाज करतो. त्यापुढे हात थांबला पाहिजे. अम्मा दारात उभी राहून हे पाहत होती. तिने आयुष्याची तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. ती म्हणाली, "दोरा जास्त आवळला तर विडी ओढली जात नाही, सैल राहिला तर पान सुटतं." मोजमापाचा पाना तिच्या बोटांत होता, इतकेच.

आमच्या मधल्या खोलीत शहाबादी फरशी आहे, आणि शहाबादी फरशी कधी सपाट नसते. ट्रेनरच्या पायांखालचे स्क्रू कमीजास्त करून तो डुगडुगेनासा करायला पाऊण तास गेला. आणि येथे मला सर्वांत विचारप्रवृत्त करणारी गोष्ट भावाने सांगितली. रस्त्यावर माणूस उभा राहून पायडल मारतो तेव्हा सायकल त्याच्याखाली डावी-उजवीकडे झुलते. जोराचा काही भाग त्या झुलण्यात जिरतो. ट्रेनरवर मागचा भाग जखडलेला असल्याने झुलणे बंद होते आणि तोच जोर सांगाड्याच्या मागच्या बारीक नळ्यांना पीळ देतो. म्हणून काही उत्पादक ट्रेनरवरच्या वापराबद्दल आपल्या पुस्तिकेत अटी घालतात, आणि म्हणूनच काही जण ट्रेनरखाली थोडी डोलणारी फळी ठेवतात. म्हणजे सायकल सुरक्षित राहावी म्हणून तिला धरायचे, आणि धरलेली सायकल सुरक्षित राहावी म्हणून पुन्हा तिला थोडे हलू द्यायचे.

वृत्तबद्ध कविता शिकवताना याहून चांगला दृष्टान्त मला सापडलेला नाही. वृत्त नुसते आवळले की लघुगुरू बरोबर येतात आणि शब्द आतून तडकतात. ऱ्हस्वाचे दीर्घ होते, नको तेथे 'हा', 'तो', 'जणू' घुसतात. वृत्त बसले की वाचकाला ते जाणवतही नाही. मुक्तछंदाच्या बाजूने आपल्याकडे जो युक्तिवाद होत आला त्यात बंधन आणि जाच यांची गल्लत पुष्कळदा झाली, असे माझे मत आहे.

पण मला खरे बोलायचे आहे ते अम्माबद्दल. एप्रिलच्या संध्याकाळी, पारा चाळिशीच्या वर असताना, भाऊ तासभर पायडल मारी. रस्त्यावर चालणाऱ्याला त्याच्या गतीचाच वारा मिळतो. खोलीत तो नसतो, म्हणून समोर मोठा पंखा. घाम हँडलवर ठिबकतो आणि खारट पाण्याने स्क्रू गंजतात, कार्बनला खेटलेला ॲल्युमिनियमचा भाग तर अधिकच. म्हणून अम्मा हँडलवर सोलापुरी टॉवेल पसरून ठेवी. एक दिवस टॉवेल बदलताना तिने विचारले, "एवढा वेळ चालवलीस, पोचलास कुठं?" तो हसून म्हणाला, "तात तरी कुठं पोचायचे?" आमचे तात खड्डामागावर बसत. माग जमिनीत पक्का रोवलेला, पाय खड्ड्यात, दिवसभर पायांची हालचाल आणि जागा तीच. अम्मा म्हणाली, "त्यांच्या पायांखालून रोज कापड निघायचं."

त्या उत्तरानंतर खोलीत कोणी बोलले नाही. तिला तो सुरक्षित हवा होता आणि तसा तो होता; पण जे तिच्या नजरेसमोर फिरत होते त्यातून काही निघत नव्हते, हेही तिनेच पाहिले. धरून ठेवणाऱ्याला हे दिसावे ही सोपी गोष्ट नाही. आपल्या कुटुंबांत प्रेमाने आवळलेली माणसे कमी नाहीत, आणि त्यांची तडक कार्बनसारखीच बाहेरून दिसत नाही. माझ्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलींच्या बाबतीत मी ते पाहते. 'पुढे शिकायला पुण्याला नको' या वाक्यात काळजी शंभर टक्के असते.

पावसाळा सरल्यावर अम्माने स्वतःच अटी सांगितल्या. उजाडल्यावर निघायचे, एकट्याने नाही, मागे दिवा, आणि पोचल्यावर फोन. भावाने आस सोडला, सांगाडा उचलला, चाक लावले. सगळे मिळून पाच मिनिटे. बसवलेल्या वस्तूची ही एक खूण मला तेव्हा ध्यानात आली की, ती न मोडता काढता येते. रविवारी सकाळी तुळजापूरहून फोन येईपर्यंत अम्मा देवघरासमोर होती. मी तिच्याजवळ बसले होते. तिने विड्यांचे सूप कधीचेच सोडले आहे, तरी तिची बोटे मांडीवर दोरा गुंडाळल्यासारखी हलत होती.